सेत्सुयोबाईंची दोन वांगी

सेत्सुयोबाईंचं टोफूवाल्या कुरिहाराशी सूत जुळलंय, अशी बातमी पितरांच्या बोन सणाच्या तोंडावर आळीत पिकली. खरं सांगायचं तर कुरिहारा ऐंशीला टेकलेला, दोन्ही कानांनी ठार बहिरा. आणि टोफू तो सगळ्यांकडेच घालतो. पितरांच्या ताटात मासे चालतात थोडेच, तिथं टोफूच लागतो! पण हे सेत्सुयोबाईंच्या नणंदेला, मासुएला, कोण सांगणार?

गेल्या शरदात तिचा भाऊ, सेत्सुयोबाईंचा ट्रकवाला नवरा तोकुजी, वारला आणि मासुएच्या मनात वहिनीबद्दल पाल चुकचुकायला लागली, ती थांबेचना. हिवाळा सरताना घरोघर भुतं हाकलायला भाजलेले सोयाबीन उधळतात. वहिनीनं "भूत बाहेर!" असं काही ठणकावलं, की मासुएला वाटलं, हा टोला दादालाच! उन्हाळ्यात ताऱ्यांच्या सणाला बांबूवर इच्छा लिहून चिठ्ठ्या टांगतात. मासुएनं वहिनीची चिठ्ठी हळूच उलटून पाहिली, तर कोरी! कोरी म्हणजे तर नक्कीच पाणी मुरतंय.

आता तोकुजीचा पहिलाच बोन. संध्याकाळी दारात आग पेटली की पितर घरी येणार. त्यांनी लवकर यावं म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, आणि जाताना रमतगमत जावं म्हणून वांग्याची गाय. मासुए देव्हाऱ्यापुढे टेकली आणि तिचे डोळेच विस्फारले. दोन्ही वांगीच!

"वहिनी, घोडा कुठंय?"

"नाही केला."

"का? मागं वेलीवर लोंबतायत त्या काय दुधी आहेत?"

"त्या लोणच्याला ठेवल्यात."

"अगं बाई! नवरा रखडला तरी चालेल, लोणचं मुरलं पाहिजे!"

सेत्सुयोबाई आगीसाठी काड्या मोडत राहिल्या. मासुएला तो कबुलीजबाबच वाटला.

"आळी बोलते ते काही खोटं नाही. दादा जितका उशिरा येईल, तितकं तुला बरं! मग कशाला ठेवतेस त्याला इथं? त्याच्या नावाची पाटी माझ्याकडे नेते; पाटी जिथं, पितर तिथंच येतो. माझ्या दारी घोडा मिळेल त्याला, तोही चांगला धष्टपुष्ट!"

असं म्हणून तिनं खरंच देव्हाऱ्यातल्या पाटीला हात घातला. घरात मूल नाही, बाळ नाही. रोज सकाळी त्या पाटीपुढे गरम भात ठेवून सेत्सुयोबाई तिच्याशीच चार शब्द बोलायच्या. काड्या टाकून त्या उठल्या, नणंदेचा हात मनगटाशी धरला आणि म्हणाल्या,

"वन्सं, घाटात त्यांचा ट्रक उलटला तो घरी लवकर पोचायच्या घाईनं. आता मीच त्यांना घोडा पाठवू? होऊ दे उशीर. मी जागी आहे."