'फाटक बंद'ची पहिली रांग

माया मेश्रामचा आवाज अर्ध्या विदर्भानं ऐकलेला आहे. नागपूरच्या धंतोलीतल्या हाडांच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम ती वर्षानुवर्षं करते आहे, आणि गोंदियापासून यवतमाळपर्यंतची मोडकी हाडं तिच्या हाकेनं उठून लंगडत आत गेलेली आहेत. पण दवाखान्यातून सुटल्यावर ही बाई कुठं जाते, ते सांगितलं तर डॉक्टरांनाही खरं वाटत नाही. पन्नाशी ओलांडलेली माया, साडीच्या पदराला पिन लावून, खांद्याला पर्स अडकवून, रॉक ऐकायला जाते.

हा नाद लावला तिच्या लेकीनं, प्रीतीनं. मैत्रिणीनं ऐनवेळी टांग दिली, पास वाया जायला नको म्हणून प्रीती आईलाच घेऊन एका शोला गेली. मुंबईचा नावाजलेला बँड नंतर वाजवणार होता. त्याआधी बल्लारपूरची तीन पोरं आणि ड्रमवर एक पोरगी. ती चौघं जीव तोडून वाजवत होती आणि माणसं त्यांच्याकडे पाठ करून समोसे खात होती. त्या नावाजलेल्या बँडचं मायाला आज काहीएक आठवत नाही. बल्लारपूरच्या पोरांचं मात्र पहिल्या गाण्यापासून सगळं आठवतं. त्यांच्या बँडचं नाव 'फाटक बंद'.

तेव्हापासून नेमच झाला. शो कुणाचाही असो, माया पोचणार आधीच्या बँडसाठी, आणि बसणार पहिल्या रांगेत. "मोठ्यायले आयकाले गावभर लोक आहेत," ती म्हणायची, "ह्या लेकरायले कोन आहे?" असे बरेच बँड तिनं हुडकून काढले. नवा अल्बम आला की चहाच्या सुटीत कानात इअरफोन, आणि मग बँडवाल्यांना फोन. कौतुक तर तोंडभर, पण नाही आवडलं तर तेही रोखठोक. 'फाटक बंद'च्या चंदनला, म्हणजे गाणाऱ्या पोराला, तिनं एकदा सांगून टाकलं, "तिसरं गाणं पातळ झालं गा." चंदन त्या दिवसापासून तिला काकू म्हणायला लागला.

यामागे एक जुनं दुखणं होतं. मायाचे वडील गोपाळराव वासनिक यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. जयंतीच्या कार्यक्रमात मोठ्या गायकाच्या आधी, लोक अजून येत असताना, त्यांना बसवायचे. फ्रॉकमधली माया समोर सतरंजीवर, कधीकधी एकटीच. शेवटच्या वर्षी तर ऐकायला मंडपवाले तेवढे होते, तेही खुर्च्या मांडता मांडता. घरी येऊन बाबांनी पेटी कापडात गुंडाळली, ती पुन्हा उघडली नाही. रिकाम्या खुर्च्या माणसाचं गाणं कसं मारतात, हे मायानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

म्हणून एके दिवशी चंदनचा फोन आला, तेव्हा तिनं हातातला चहा तसाच बाजूला ठेवला.

"काकू, नवा अल्बम आला, पण शोले कोनी येऊन नाही राहिलं. नागपूरचा शो करतो. इथंही खुर्च्या रिकाम्याच राहिल्या तं मग बंद. मी पुण्याले नोकरी धरतो. शेवटचा म्हणून रेकॉर्ड करून ठेवून राहिलो."

माया कामाला लागली. दवाखान्यातल्या मावश्या, त्यांच्या सुना, इंदोऱ्याच्या वस्तीतली माणसं, कुणाला सोडलं नाही. आता रॉक म्हणजे काय, हे सांगत कुठं बसणार? तिनं सरळ सांगून टाकलं, "गायन पार्टी आहे, या." प्रीतीनं कपाळावर हात मारला.

आणि लोक आले! पांढरेशुभ्र कपडे घालून, नातवंडं कडेवर घेऊन, डबे बांधून आले. पुढच्या रांगा त्यांनीच भरल्या. मागे कॉलेजची थोडी पोरं उभी राहिली. सगळ्यांत पुढं वस्तीतले लहानू बागडे, गायनाचे जुने दर्दी, मांडी घालून खुर्चीवर. पहिल्या गाण्याला गिटार कडाडली तशी दोन लेकरं रडायला लागली. मायाचा जीव टांगणीला. दुसऱ्या गाण्यात मात्र ड्रमवरच्या पायलनं असा काही ठेका धरला, की लहानूकाकांची मान डोलायला लागली. मग ते उठले, खिशातून नोट काढली आणि थेट स्टेजवर चढले.

गायन पार्टीत ओळ आवडली की असंच करतात. गाणारा थांबतो, इनाम घेतो, देणाऱ्याचं नाव माईकवर घेतो आणि सोडली तिथूनच ओळ पुन्हा उचलतो. चंदनला ही रीत कुठून माहीत असणार? समोर पांढऱ्या शर्टातला गंभीर म्हातारा पाहून त्याला वाटलं, आता तक्रार. त्यानं हात वर केला, सगळं वादन थांबलं.

"काका, आवाज जास्त होऊन राहिला का?"

"कमी नोको करू," लहानूकाका म्हणाले. नोट त्याच्या हातात कोंबली आणि तिथंच उभे. "नाव घे."

"कोनाचं?"

मागची पोरं हसायला लागली. प्रीतीनं तोंड ओढणीत लपवलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून माया उठली आणि पेशंटला पुकारायच्या खणखणीत आवाजात ओरडली, "अरे इनाम आहे ते! लहानू बागडे, इंदोरा! नाव घे अन् तिथूनच पुढं गा!"

चंदननं नाव घेतलं. टाळ्यांनी हॉल दणाणला. त्यानं तीच ओळ पुन्हा उचलली, आणि आता ती दुप्पट जोरात आली. मग काय, रांगच लागली! मावश्या आल्या, सुना आल्या, मागची पोरंही एकमेकांच्या नावानं इनाम द्यायला धावली. दर नावामागे पायल ड्रमवर झकास तुकडा टाकायची. एकच गाणं संपता संपेना, आणि कुणालाच ते संपायला नको होतं. प्रीतीसुद्धा ओढणी कमरेला बांधून नाचत होती.

सगळ्यांत शेवटी माया चढली. तिचे डोळे वाहत होते, पण पुसायचंही भान नव्हतं. तिनं चंदनच्या कानात नाव सांगितलं, आणि वारलेल्या माणसाच्या नावाआधी आपल्यात काय लावतात, तेही सांगितलं.

चंदन पुण्याला गेला नाही. पावसाळा सरला आणि 'फाटक बंद'चा नवा अल्बम आला, नागपूरच्या त्याच शोचा. "काकू, नाव एकही कापलं नाही," त्यानं कळवलं. मायानं दवाखान्यातच, काउंटरमागे, इअरफोन लावला. ठेका आला, लहानूकाका आले, टाळ्या आल्या, मावश्यांची नावं आली. मग गाणं थांबलं आणि चंदन जपून, एकेक अक्षर सांभाळत म्हणाला, "कालकथित गोपाळराव वासनिक आणि पार्टी, यांच्याकडून."

मायानं ते मागे नेऊन पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. समोर बाकावर पेशंट एकमेकांकडे बघत बसले होते, आतून डॉक्टर घंटी वाजवत होते, आणि जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारलेली बाई आपल्या बापाचं नाव ऐकत होती.