आमटीतली पाल

नातीच्या पुस्तकात जगभरातले सरडे आहेत. माणसाहून लांब कोमोडो ड्रॅगन, रंग पालटणारा शॅमेलिऑन, विषारी चाव्याचा एक अमेरिकेतला. शेवटी आपली भिंतीवरची पाल, आणि खाली लिहिलंय, ‘हिला विष नसतं.’ ते वाचलं आणि माझ्या नाकात तुरीच्या आमटीचा वास भरला.

चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापुरातल्या चाळीत मी आणि धाकटा भाऊ जेवून उठलो होतो. अण्णा गिरणीत होते. आई नेहमीसारखी मागून जेवायला बसली. तिनं पातेल्याच्या तळाशी पळी फिरवली, तर पळीत शिजून पांढरी पडलेली पाल आली.

तिनं आमच्या घशात बोटं घातली, पण उलटी होईना. “पोटात दुकतंय का? डोळं मिटू नगा, माज्याकडं बगा,” ती एकसारखी म्हणत होती. भाऊ मोठ्यानं रडायला लागला.

तेव्हा आईनं पाल बाहेर फेकली आणि तीच आमटी आपल्या ताटात वाढून घेतली. भाकरी कुस्करत म्हणाली, “हे बगा, मी बी खाते की. काय होत न्हाय.”

भाऊ गप्प झाला. मलाही वाटलं, आईला माहीत आहे, पालीला विष नसतं.

आज आठवतंय, त्याआधी तिनंच आमच्या घशात बोटं घातली होती. तिला माहीत नव्हतं.