पोरांचं वकीलपत्र

जगातल्या यच्चयावत पोरांचं वकीलपत्र माझ्या नणंदेने घेतलेलं आहे, आणि त्या सगळ्या खटल्यांत आरोपी मी आहे. स्टील प्लांटमधून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर बाईने आराम करावा, तर नाही. नोकरीत असतानाच एलएलबी झाली होती, आता बावन्नाव्या वर्षी बालहक्कांच्या कायद्यात एलएलएम करायला निघाली. सेक्टर सहामधल्या आपल्या क्वार्टरवरून स्कूटरने कॉलेजात जायचं आणि तिथे शिकलेलं सगळं परतताना आमच्या हुडको वसाहतीतल्या घरात करून बघायचं, हा तिचा नित्यनेम. मुलाशी बोलताना आपण त्याच्याहून खाली बसावं म्हणे. ही जमिनीवर फतकल मारते आणि मग गुडघे धरले की उठवायला मी! मी नातीला "भाजी आवडली ना वं?" म्हटलं की लगेच, "वैनी, जवाब तिच्या तोंडात कोंबू नोका. कशी लागली, असं इचारा." विचारलं. नात म्हणाली, "बेकार." झालं समाधान.

चुलतदिराच्या नातवाच्या जावळाला तर तिने कहर केला. वस्तरा पाहताच पोराने भोकाड पसरलं. हिने न्हाव्याचा हात धरला. "थांबा भैया, तो नाही म्हनून राहिला ना!"

"अवं, तो वर्षाचा हाय!" पोराची आजी ओरडली.

"मंग का झालं? डोकं त्याचंच हाय ना?"

न्हावी कंटाळून पेटी उचलून गेला, मुहूर्त टळला, आणि बोल लागला मला, कारण हिला घेऊन मीच गेले होते.

मग माझा मुलगा आणि सून वेगळे झाले. सून अहिवाऱ्याला माहेरी गेली, सहा वर्षांची नात आमच्याकडे राहिली, आणि तिच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज पडला. जज्जसाहेब पोरीला विचारणार हे कळल्यावर मी तिच्याकडून रोज घोकून घेऊ लागले, 'मले आजीजवळच रायचं हाय.' नणंदेने ते ऐकलं, मला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि पोरीला घेऊन खोलीचं दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"वैनी, ती आईजवळ जातो म्हनते."

"घरभेदी! तू कोनाची वकील हायेस मंग?"

"पोरीची. घोकताना ती तुमच्या तोंडाकडे पाहून बोलून राहिली होती, वैनी. कायच्यासाठी, ते तुमाले ठावूक हाय."

मला ठाऊक होतं, म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली. तिने माझ्या मुलाला समजावलं, त्याने भांडण सोडलं, नात आईकडे गेली. आता ती फक्त शनिवार-रविवार येते. तीन महिने मी नणंदेशी अबोला धरला. ती मात्र रोज यायची, स्वतःच चहा मांडायची, मलाही द्यायची.

गेल्या शनिवारी जेवता जेवता नात एकदम म्हणाली, "आजी, मले तुही लय याद येते." हे तिला कोणीही शिकवलं नव्हतं. मी तिच्या भातावर आणखी तूप वाढलं. नणंद खाली मान घालून वरणभात कालवत राहिली. तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण रविवारी आम्ही दोघी नातीला पोचवून आलो की घर खायला उठतं, आणि तेव्हा या बाईने आपल्या क्वार्टरवर जाऊ नये, इथेच राहावं, असं मला फार वाटतं.