राशिभविष्याचं एक्स्टेन्शन

"साहेब, आमी माऊससुद्धा भीत भीत धरतो. जुगाराच्या साइटवर काहून जाऊ?" बाबाराव मला विचारत होते आणि बघत होते मुख्याध्यापकांकडे.

मी हिंगोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचो. कळमनुरीकडच्या एका शाळेनं तातडीनं बोलावलं होतं. ऑफिसमधला कॉम्प्युटर सुरू केला की रमीच्या नाहीतर लॉटरीच्या जाहिराती उघडायच्या. आदल्या दिवशी पालकांसमोरच तसं झालं. त्या कॉम्प्युटरवर दिवसभर बसायचे क्लार्क बाबाराव. मुख्याध्यापकांनी त्यांच्याविरुद्ध संस्थेला द्यायचं पत्र टाइप करायला घेतलं होतं.

"सर, पत्र अर्धा तास थांबवा," मी म्हणालो.

"अर्धाच तास," सर म्हणाले.

बाबाराव तांड्यावरून सायकलनं यायचे. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कधी ठपका नव्हता. मी त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली. "हात मांडीवर ठेवा. हलायचं नाही."

ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो तो प्रोग्राम, मीच उघडला. बोर्डाची साइट टाइप केली. शेजारी लगेच लॉटरी उघडली.

"सर, आत्ता कोणी लावली?"

सर खुर्ची सरकवून स्क्रीनजवळ आले.

अँटिव्हायरस चालवून पाहिला. काही सापडलं नाही. त्याच कॉम्प्युटरवर दुसरा ब्राउझर उघडला, तर तिथं जाहिराती नाहीत. म्हणजे बिघाड पहिल्या ब्राउझरमध्येच होता. मी त्याच्या एक्स्टेन्शनची यादी काढली. ट्रॅक्टरला मागून ट्रॉली जोडतात, तसा ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम म्हणजे एक्स्टेन्शन. यादीत तीन होते. पहिला बंद केला, जाहिराती चालूच. दुसरा बंद केला, तरी चालूच. तिसरा होता रोजचं राशिभविष्य दाखवणारा. तो बंद केला आणि जाहिराती थांबल्या. परत चालू केला, लॉटरी हजर.

मी त्याची माहिती उघडली. आपण बघतो त्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचायची परवानगी त्यानं घेतली होती.

"भविष्य सांगणाऱ्याला शाळेचा ईमेल कशाला वाचायचा असेल, सर? हे टाकलं कोणी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "मी. सकाळी शाळा भरायच्या आधी बघायचो. कन्या रास. रोज चांगलंच लिहून यायचं."

बाबारावांनी मांडीवरचे हात उचलून तोंडावर धरले. ते हसू दाबत होते, पण खांदे हलत होते.

सरांनी अर्धवट टाइप केलेलं पत्र डिलीट केलं आणि मधल्या सुट्टीत ते बाबारावांना स्टाफरूममध्ये घेऊन गेले. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "चूक माझी होती. संशय मात्र बाबारावांवर घेतला. मला माफ करा, बाबाराव."

"व्हय सर, झालं ते झालं," बाबाराव म्हणाले. "पण आज तुमच्या राशीत काय लिहून आलतं?"

स्टाफरूममध्ये एवढा हशा झाला की मुलं खिडक्यांशी जमली.

नुसतं काढून टाकून भागणार नव्हतं. दुसऱ्या शाळांतही ते कुणी टाकलं असेल. ब्राउझरवाल्यांच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म होता. एक्स्टेन्शनचं नाव, ते काय करतं, आम्ही कसं पकडलं, हे मी इंग्रजीत लिहिलं आणि जाहिरातींचे स्क्रीनशॉट जोडले. सर इंग्रजीचे. त्यांनी माझ्या सहा ओळींत नऊ चुका काढल्या आणि तक्रारदार म्हणून खाली बाबारावांचं नाव घातलं. मग दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून आम्ही शाळेचे सगळे पासवर्ड बदलले.

काही दिवसांनी बाबारावांचा फोन आला. "साहेब, उत्तर आलं! त्याहीनं ते एक्स्टेन्शन साइटवरूनच काढून टाकलं. मला थँक्यू लिहिलंय. सरांनी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं."

तेव्हापासून कुठल्याही ऑफिसात गेलो की मी आधी एक्स्टेन्शनची यादी उघडतो. दोन मिनिटं लागतात. माणसांची चौकशी त्यानंतर करावी, बहुतेक वेळा ती करावीच लागत नाही.