सत्यभामाबाईंचा दमा

केजच्या सत्यभामाबाईंनी जन्मभर शेळ्या राखल्या. जहाजावर नोकरीला असलेल्या नातीनं, ऋतुजानं, त्यांना समुद्राच्या सफरीला बोलावलं. प्रवासाचा विमा काढायला त्या बीडला गेल्या आणि आपल्याला दमा असल्याचं आपणहून सांगितलं.

"दमा लिहूच नका, आजी. विमा महाग पडंल," एजंट म्हणाला.

"अन् जहाजावर दम लागला तर?"

"तवाचं तवा बघू."

आजार लपवला म्हणून शेजारणीला विमा कंपनीनं छदामही दिला नव्हता. बाई ताडकन उठल्या. "खोटं बोलाया तूच शिकवणार अन् त्याच खोट्यापायी मला बुडवणार? लाज कशी वाटत न्हाई रं तुला?"

दुसऱ्या एजंटाकडं त्यांनी दमा लिहून महागाचा विमा घेतला. सफरीत दम लागलाच. डॉक्टरचा खर्च मिळाला. पण समुद्र कसा होता विचारलं, की बाई अजून आधी त्या पहिल्या एजंटालाच शिव्या घालतात.