डॅडींच्या गळ्यातली पाटी

"अंकल, टीथ प्लीज," माझ्या वर्गातला एड्रियन म्हणाला, आणि माझ्या डॅडींनी दात दाखवले.

हातात ट्रे. अंगावर मातकट झगा. गळ्यात दोरीनं बांधलेली पुठ्ठ्याची पाटी. वय चोपन्न. खालचे दोन दात पडलेत, ती फटही दिसली. सगळे हसले. मी चार हात अंतरावर उभी होते. मीही हसले. ते हसू माझ्या तोंडावर कसं आलं, मला अजून सांगता येत नाही.

मी अबुधाबीतल्या एका युनिव्हर्सिटीत ग्रीक आणि लॅटिन शिकते. पूर्ण स्कॉलरशिपवर. आम्ही वसईचे. डॅडी केटरिंग कंपनीत वेटर, मम्मी हॉस्पिटलात रिसेप्शनवर. शेअरिंग फ्लॅटमधल्या एका खोलीत तिघं राहतो. मी हा विषय घेतला तेव्हा नातेवाइकांनी कपाळावर हात मारला होता. डॅडी तेवढे म्हणाले, "शिक बाय. आपल्या चर्चमधल्या फादरांची भाषा आहे."

आमच्या डिपार्टमेंटमध्ये दरवर्षी एकदा रोमन जेवण असतं. भर दुपारी, हॉलमध्ये गाद्या टाकून, बाहेरचे पाहुणे बोलावून. काही मुलं चादरी गुंडाळून मालक होतात, काही गुलाम. रोमच्या बाजारात विकायला काढलेल्या गुलामाच्या गळ्यात पाटी असायची. कुठला आहे, तब्येत कशी, काही खोड आहे का. गिऱ्हाईक दातही उघडून बघायचं. यंदा त्या पाट्या प्रोफेसरांनी मला लिहायला सांगितल्या, कारण माझं लॅटिन वर्गात सगळ्यात चांगलं. मी फुगले. दोन दिवस खपून सहा पाट्या केल्या. कुणी सीरियाचा, कुणी ग्रीक. एकीवर गंमत म्हणून मी भारत लिहिलं.

वाटलं, पाट्या वर्गातलीच मुलं घालतील. ऐन वेळी गुलाम व्हायला कुणीच तयार होईना. मग प्रोफेसर म्हणाले, वेटर आहेतच की. त्या दिवशी वेटरांमध्ये डॅडी होते. ड्युटी कुठे लागली हे त्यांना सकाळी कंपनीच्या बसमध्येच कळतं, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. ते भारतीय, म्हणून भारताची पाटी त्यांच्या गळ्यात आली.

त्यांनी मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. गेस्टमध्ये आपलं माणूस असलं तरी बघायचं नाही, असा त्यांच्या कामाचा नियम आहे. माझ्यासमोर ट्रे धरून म्हणाले, "ज्यूस, मॅडम?" मी ग्लास घेतला. थँक यू म्हणाले. माझ्या बापाला. मला लाज वाटत होती आणि ती डॅडींची वाटत होती.

त्यानंतर दातांचं झालं. मग प्रोफेसर मला म्हणाले, "तूच लिहिलंयस, तूच वाच." मी लॅटिनमध्ये वाचलं. जन्म भारतात. तब्येत ठणठणीत. चोरी करत नाही. पळून जात नाही. टाळ्या पडल्या.

डॅडींना त्यातला एक शब्द कळला नाही. पोरीला टाळ्या मिळाल्या, एवढंच कळलं. त्यांचा चेहरा फुलला. तो फुललेला चेहरा पाहिला आणि माझं काळीज फाटलं.

लहानपणापासून मी डॅडींना इंग्रजीतच उत्तर देते. त्या दिवशी मराठीत बोलले. "डॅडी, ती पाटी काढा."

"नको बाय," ते हळूच म्हणाले. "कंपनीचं काम आहे. अर्ध्या तासात खलास."

मी पुढे गेले आणि दोरी सोडली. हॉलला इंग्रजीत सांगितलं, हे माझे वडील आहेत. एड्रियन खाली बघायला लागला. प्रोफेसर म्हणाले, "अगं, हा नुसता खेळ होता."

"मग तुम्ही घाला," मी म्हणाले आणि पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

घरी आल्यावर डॅडींनी विचारलं, "काय लिहिलं होतं त्यावर?" मी सगळं सांगितलं, कुणी लिहिलं तेही. त्यांनी युनिफॉर्मचा शर्ट खुंटीला टांगला. मग म्हणाले, "अक्षर छान होतं." मला त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पुढच्याच आठवड्यात कंपनीनं त्यांना भांडी धुण्यावर टाकलं. डिपार्टमेंटमधून तक्रार गेली होती.

आता डिपार्टमेंटला माझं माफीपत्र हवंय. पाहुण्यांसमोर तमाशा केला म्हणून. नाही दिलं तर स्कॉलरशिपचा फेरविचार होईल. मम्मी म्हणते, दोन ओळी लिहून टाक, आपलं काय जातं?

मी लिहिणार नाही. मला माफी एकाच माणसाची मागायची आहे, आणि नुसती मागून भागणार नाही. स्कॉलरशिप गेली तर नोकरी करून शिकेन, पण लॅटिन सोडणार नाही. पुढच्या सेमिस्टरला गुलामांच्या बाजाराचा धडा आहे. मी पहिल्या बाकावर बसणार आहे. तो धडा प्रोफेसरांना माझ्याकडे बघून शिकवावा लागेल.