बांगड्या फोडल्या त्या दिवशी

सोलापूरच्या मानसोपचार वॉर्डात मला दाखल केलं तेव्हा सिस्टरनी आधी परकराची नाडी काढून घेतली. मग मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या, केसांतल्या पिना. कुणी जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून. जन्मभर शाळेत मी पोरांची दप्तरं तपासली, आता माझी झडती. एरवी मला हसू आलं असतं. पण त्या दिवसांत हसूही येत नव्हतं आणि रडूही. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून असायची.

शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडची एक मावशी आली. कानात आवाज येतात म्हणून भावानं आणून सोडलं होतं. तिच्या हिरव्या बांगड्या कासारानं इतक्या घट्ट भरल्या होत्या की साबण लावूनही निघेनात. शेवटी सिस्टरनी मनगटाला टॉवेल गुंडाळला आणि एकेक करून फोडल्या. मंगळसूत्र भावाच्या हातात दिलं. कपाळावरचं कुंकू अंघोळीत धुऊन गेलंच होतं.

मावशी मटकन खाली बसली आणि गळा काढून रडायला लागली. आमच्याकडे बाईच्या हातातल्या बांगड्या अशा फोडतात ते नवरा गेल्यावरच. तो गेलाय, आपल्यापासून लपवतायत, म्हणून तर इथं आणून टाकलं, असं तिनं मनाशी धरलं. जेवण सोडलं. डॉक्टरांनी समजावलं, सिस्टर तर हात जोडून सांगत होत्या. मीही सांगून बघितलं. तिचं एकच, "जित्तं असतं तर आलं असतं की."

माझा नवरा रोज डबा घेऊन यायचा, तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही. मला तिच्या त्या न बघितलेल्या नवऱ्याचा सणसणीत राग आला. कित्येक दिवसांत मला काही वाटलं असेल तर ते हेच. फोन लावा म्हणून मी सिस्टरच्या मागे लागले. त्या लावतच होत्या. पलीकडून दर वेळी डाळिंबाच्या बागेचंच काहीतरी निघायचं, कधी फवारणी, कधी टँकर.

अखेर एका दुपारी तो आला. वाळका, उन्हानं रापलेला, पिशवीत डाळिंबं. मला वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. मी सकाळीच तिचे केस विंचरून दिले होते.

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. दंडाला हात लावून बघितला. मग हळूच म्हणाली, "जित्तं हायसा की. मग इतकं दिस आला का न्हाईसा?"

तो पिशवी खाटेवर ठेवून एस.टी. चुकेल म्हणत निघाला.

त्या संध्याकाळी मावशी जेवली. डॉक्टरांना बरं वाटलं, मलाही. मी एक डाळिंब फोडून दाणे तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं ते तसेच राहू दिले आणि मोकळ्या मनगटावरून हात फिरवत राहिली.

"मालक गेल्यात असं वाटत हुतं तवा बरं हुतं, बाई," ती म्हणाली. "टाकल्यागत वाटत न्हवतं."

मला रडू फुटलं. मावशीच मग माझी पाठ थोपटत बसली.